ओसरी खुली, कपाट बंद

संगणक शिकून आपली मुले-मुली आता वेबसाइट बनवू लागली आहेत. त्यांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगू. इगोर सिसोएव यांनी २००४ साली सर्वांसाठी खुला केलेला इंजिनएक्स सर्व्हर, दाखवाल तेवढे जगाला दाखवतो. म्हणून त्याच्या ‘रूट’ ओळीत फक्त तयार फायलींच्या ‘डिस्ट’ किंवा ‘बिल्ड’ फोल्डरचा पत्ता लिहावा. सगळा प्रकल्प दिला, तर पासवर्ड असलेली ‘डॉट एन्व्ह’ फाइलही कोणीही वाचील. पाहुण्याला ओसरी दाखवावी, कपाटाची किल्ली नव्हे!

एकाच पानावर चालणाऱ्या साइटचा आतला भाग रिफ्रेश करताच ‘४०४’ आले, तर ‘ट्राय फाइल्स’ ओळीच्या शेवटी इंडेक्स पान द्यावे. बदलानंतर आधी ‘इंजिनएक्स -टी’ने तपासणी, मगच रीलोड. गुपित फुटले की बोट नवख्याकडेच वळते. तेव्हा जपा!