झडप बसली, पण तपासणी दूर

हृदयाची झडप बदलून मेकॅनिकल झडप बसवलेल्या माणसाला आयुष्यभर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि आयएनआरची तपासणी. गोळी जवळच्या मेडिकलवर मिळते. तपासणीला तालुक्याला जावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीला अशी झडप आहे. तपासणीच्या दिवशी घरातली एक मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी राहते. हजेरीपटावर मी फक्त गैरहजर लिहिते.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. निरोगी माणसाचं साधारण १ असतं. अशा झडपेच्या रुग्णाचं बहुधा २ ते ३, काहींचं ३.५ पर्यंत ठेवतात. कमी झालं तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूत गेली तर लकवा. जास्त झालं तर आत रक्तस्राव. ही गोळीही नाजूक. तिच्या घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं, माणसांसाठी नंतर वापरलं गेलं! पालक-मेथी रोज खाल्ली की तिचा असर घटतो. रमजानमध्ये जेवणाच्या वेळा आणि ताटातले पदार्थ दोन्ही बदलतात, म्हणून त्या महिन्यात तपासणी जास्तच गरजेची. नेमकी तेव्हाच ती टाळली जाते.

झडप खराब होते ती बरेचदा लहानपणीच्या संधिवाती तापाने, आणि तो दाटीवाटीच्या गरीब वस्तीत जास्त. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी झडप तयार केली, १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त. तपासणीचं काय?

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी युक्ती मांडली. छोट्या कपात रक्ताचा एक थेंब, गोठण सुरू करणारं रसायन आणि तांब्याचा एक कण. फोनची कंपनं कप हलवतात, फोनचाच कॅमेरा कणावर नजर ठेवतो. रक्त गोठलं की कण थांबतो. त्या वेळेवरून आयएनआर काढायचा.

मला हे आवडलं, पण शोधनिबंध छापून येणं आणि यंत्र आरोग्य केंद्रात येणं यात अंतर असतं. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारी यंत्रं आजही मिळतात. दर वेळी लागणारी पट्टी महाग, म्हणून ती गरिबाच्या उपयोगाची नाहीत. तेव्हा कॅमेरा स्वस्त झाला एवढ्यावर खूश होऊ नये. दर तपासणीचं रसायन कितीला पडेल, उन्हाळ्यात ते टिकेल का, प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळेल का, हे विचारायला हवं.

'फोन तर घरोघरी आहे' असंही कुणी म्हणेल. आहे, पण तो नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा कामावर. म्हणून हे साधन घरात नको, उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातात हवं. नुसता आकडाही पुरत नाही. अर्धी गोळी वाढवायची की थांबवायची हे त्याच दिवशी सांगणारा डॉक्टर फोनवर हवा, आणि ते वहीत मराठीत, लागेल तिथे उर्दूत लिहिलेलं हवं. 'ओडी', 'बीडी' आमच्या बायकांना वाचता येत नाही.

झडपेचं ऑपरेशन सरकारी योजनेत होतं. पुढची वीस-तीस वर्षं तालुक्याला जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र घरानेच सोसायची. खर्च परवडला नाही की आधी तपासणी सुटते, मग गोळी अंदाजाने घेतली जाते.