आधी पाण्याला वाट, मग घराला जागा



मागच्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून घरी आली. तिने आर्किटेक्टची पदवी घेतली आहे आणि आता पुढचे शिक्षण घेत आहे. ओट्यावर बसलेल्या आमच्या आप्पांनी तिला विचारले, "आता काय शिकतेस गं?"

"लँडस्केप आर्किटेक्चर, आजोबा."

आप्पांना उलगडा होईना. तिने दोन-तीन वाक्यांत समजावून सांगितले, तसे ते म्हणाले, "म्हणजे बाग लावायचं शिक्षण! त्याला पुण्याला कशाला जायला पाहिजे? तुझी आजी न शिकता परसात मोगरा लावायचीच की!"

घर हसले. मीही हसलो. बी.एस्सी. ॲग्री होऊन शेतीच्या विस्ताराच्या कामात उभी हयात गेली, पण या विद्येबद्दल माझीही समजूत आप्पांच्याच जवळची होती. मोठ्या बंगल्यापुढची हिरवळ, कारखान्याच्या फाटकाशी कातरलेली मेंदी, फार तर एखादे कारंजे, यापलीकडे माझी नजर गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी म्हणाली, "काका, मला आपला ओढा दाखवा. वरपासून खालपर्यंत चालत जाऊ."

निघालो. वाटेत तिचे प्रश्न सुरू झाले. हे पाणी कोणत्या उतारावरून येते? एका रात्रीत चार इंच पाऊस झाला तर कुठवर चढते? काठावरचे करंज लावलेले की आपोआप आलेले? गुरे पाण्यावर कुठून उतरतात? बाया धुणे कुठे धुवायच्या? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरे देता येईनात. मी इतकी वर्षे या शिवारात हिंडलो, पण पीक पाहत हिंडलो. पीक ज्या जमिनीवर उभे आहे तिचा चढउतार असा सलग कधी वाचला नाही.

एका वळणावर ओढा दिसेनासा झाला. तिथे मुरमाचा भराव टाकून जागा सपाट केली होती, पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले होते आणि भरावाखालून सिमेंटचा एकच पाइप काढून दिला होता. "काका, वरचं सगळं पाणी एवढ्यातून जाणार?" तिने विचारले. मी गप्प राहिलो, कारण उत्तर मला ठाऊक होते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या मोसंबीच्या बागेत गेल्या पावसाळ्यात पाच दिवस पाणी तुंबले होते. झाडे पिवळी पडली, बुंध्यातून डिंक वाहू लागला. त्यांनी मला बोलावले तेव्हा मी डिंक्यावर बोर्डो पेस्ट सांगून आलो होतो. त्या दिवशी ते बांधावरच भेटले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं ते मी लावलं. पण रोग झाडात नव्हताच. रोग खालच्या प्लॉटात होता."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून आजचा हा लेख.

आपले चितेगाव पैठण रस्त्यावरचे गाव. एका बाजूला छत्रपती संभाजीनगर वाढत येते आहे. दुसऱ्या बाजूला बिडकीनला सुमारे आठ हजार एकरांवर औद्योगिक नगरी उभी राहत आहे. रस्ते रुंद होतात, शेते अकृषिक होतात, शिवाराचा चेहरा बदलतो. त्यातून पोरांना काम मिळते, जमिनीला भाव येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच आहे की बदल करताना जमिनीच्या बाजूने बोलणारा कुणी बैठकीत असतो का? इमारतीचा आर्किटेक्ट असतो, रस्त्याचा इंजिनिअर असतो. पण ओढा कुठून जातो, पाणी कुठे मुरते, कोणते झाड राखायचे, माणसाने आणि जनावराने कुठून चालायचे, हे सारे एकत्र पाहून नकाशा करणारा जो, तोच लँडस्केप आर्किटेक्ट. त्याला शिवाररचनाकार म्हणावे, असे मला वाटते.

आता या लोकांची संघटना. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स या नावाची ही देशपातळीवरची संस्था २००३ साली स्थापन झाली. तिला थोडक्यात 'आयसोला' म्हणतात. निरनिराळ्या भागांत तिच्या शाखा आहेत, आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे येथे. या व्यवसायाचा जागतिक महासंघ १९४८ साली स्थापन झाला आणि आपली संस्था त्याची सभासद आहे. परिषदा भरवणे, व्याख्याने ठेवणे, विद्यार्थ्यांच्या कामाला उत्तेजन देणे, नवीन माहिती सभासदांपर्यंत पोचवणे, सचोटीने धंदा कसा करावा याचे नियम घालून देणे, अशी कामे ती करते.

तुम्ही म्हणाल, साहेब, शहरातल्या शिकलेल्यांच्या या संघाशी आमचा काय संबंध? तीन गोष्टींपुरता आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्टची नोंदणी होते. नोंदणीशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. शिवाररचनाकारांसाठी मात्र अशी वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. त्यामुळे चार कुंड्या मांडणारा आणि पाच-सहा वर्षे शिकून पाणलोटाचा अभ्यास करणारा लोकांच्या लेखी एकच ठरतो. बोगस बियाणे आणि प्रमाणित बियाणे एकाच पोत्यात विकले जावे, तसा हा प्रकार. म्हणून आपल्या विद्येला मान्यता मिळावी, हा या संघटनेच्या आस्थेचा विषय आहे. आप्पांच्या प्रश्नावर पोरगी हसली, पण थोडी हिरमुसली का, ते मला तेव्हा कळले.

दुसरी गोष्ट वेळेची. या लोकांचे म्हणणे असे की, आम्हाला काम सुरू होण्याआधी बोलवा. बहुतेक ठिकाणी इमारती उभ्या राहतात, रस्ते होतात आणि उरल्यासुरल्या जागेत झाडे लावण्यासाठी यांना हाक मारतात. नांगरट, पाळी, पेरणी सगळे उरकल्यावर माती परीक्षण करण्यासारखेच हे. मुळातला उतार बिघडवल्यावर वर कितीही हिरवळ पसरली तरी पाणी आपली वाट काढतेच, आणि ती वाट कुणाच्या तरी बागेतून जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. जागतिक महासंघाने २०२१ साली हवामान बदलाबाबत एक संकल्प जाहीर केला. त्यात सहा कलमे आहेत. २०४० पर्यंत हवा तापवणाऱ्या वायूंचा हिशेब शून्यावर आणणे हे त्यांतले एक. आणखी एक कलम असे की, स्थानिक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ज्ञानापासून आपण शिकायचे. म्हणजे हे शिकलेले लोकच म्हणत आहेत की त्यांना तुमची गरज आहे.

आणि हे ज्ञान आपल्या जिल्ह्याला नवे आहे का? मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी नहर खोदली. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. त्यात वीज नव्हती, पंप नव्हता. पण जमीन कुठे किती कलते, हे त्या कारागिरांनी आधी वाचले होते. उलट उदाहरण खाम नदीचे. शहरातून वाहणाऱ्या या नदीकडे लोकांनी पाठ फिरवली आणि तिचा नाला झाला. गेल्या काही वर्षांत महापालिका, संस्था आणि नागरिक मिळून तिचे काठ साफ करून झाडे लावत आहेत. बिघडवायला वेळ लागत नाही, पण दुरुस्तीला फार वर्षे आणि फार पैसा लागतो.

इथे माझी एक चूकही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका गावाच्या गायरानात मी हौसेने शंभरेक झाडे लावून घेतली. सगळी नीलगिरी आणि गुलमोहर, ओळीत, दोरी धरून. फोटो सुंदर आला. पण लावली ती नेमकी गुरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर. गुरांनी वाट बदलली नाही आणि झाडे राहिली नाहीत. गावातला एकही गुराखी मी विचारला नव्हता. विचारले असते तर त्याने पाच मिनिटांत जागा दाखवली असती.

तर बंधूंनो, शिवाररचनाकार गावात येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हाताने करण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, गावाचा पाण्याचा नकाशा करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गटनकाशाची प्रत घ्या. गावातले दोन जाणते आणि दोन शिकणारी पोरे यांनी मिळून शिवार पायी फिरावे. ओढे, नाले, झिरे, जुन्या विहिरी, पुराची खूण, गुरांची वाट, मोठी झाडे हे सारे रंगीत पेन्सिलीने त्यावर मांडा. मग तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. झाडांची आणि पाणवठ्यांची माहिती तिच्यातही नोंदवून घ्या.

दुसरी, प्लॉटिंग होत असेल तर आधी विचारा. मंजूर रेखांकन पाहायला मागा. त्यात ओढा दाखवला आहे का, पाणी कुठून काढले आहे, ते पाहा. राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीप्रमाणे एक एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते. ही जागा कोपऱ्यातल्या निरुपयोगी तुकड्यात न ढकलता ओढ्याकाठी ठेवली, तर पाण्यालाही जागा मिळते आणि लेकरांनाही.

तिसरी, वाट अडली तर वेळ घालवू नका. जे ओढे-नाले कुणाच्या खाजगी मालकीचे नाहीत, त्यांची पात्रे १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शासनाची मालमत्ता असतात. शेतजमिनीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि त्याने नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. आपल्याकडे हे कलम शेतरस्त्यासाठी लोकांना माहीत आहे, पाण्यासाठी फारसे कुणी वापरत नाही. अर्ज मात्र घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. गायरान आणि गावतळी यांवरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्व राज्यांना बजावले आहे, हेही ध्यानात ठेवा.

चौथी, झाड जागा पाहून लावा. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. काठाची माती धरायला निरगुडी आणि वाळा. मुरमाड माळावर कडुनिंब, हिवर, बोर, आपटा. रस्त्याच्या कडेला चिंच आणि कडुनिंब. वडाला चहूबाजूंनी चाळीस-पन्नास फूट मोकळी जागा असेल तरच तो लावा. खड्डे उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद, खोल घेऊन तापू द्या, मुरमात तीन फूट. शेणखत आणि चांगली माती भरून पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोप लावा. शंभर झाडे लावून विसरण्यापेक्षा दहा लावा आणि तीन उन्हाळे त्यांना पाणी घाला.

ज्यांच्या मोसंबीत पाणी तुंबले असेल त्यांच्यासाठी थोडे. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. बुंध्याशी आळ्यात पाणी साचू देऊ नका. डिंक आलेला भाग धारदार चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावा. पण पाण्याची वाट मोकळी केल्याशिवाय औषधाचा खर्च वाया जातो, हे मी आता शिकलो आहे.

आमच्या शेजाऱ्यांनी मुदतीत अर्ज दिला आहे. निकाल लागायचा आहे. अर्जासोबत पुतणीने केलेला ओढ्याचा नकाशा जोडला आहे. तो नकाशा तिने एकटीने केला नाही. फिरून आल्यावर संध्याकाळी तिने कागद ओट्यावर पसरला आणि आप्पांना विचारले, "आजोबा, बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणत होता?"

आप्पांनी चष्मा लावला, कागद बराच वेळ फिरवून पाहिला आणि काठीचे टोक एका वळणावर ठेवले. "इथं. या करंजाच्या खाली झिरा होता. वाटीनं पाणी भरायचो. सगळं आटलं, हा आटला नाही."

पोरीने तिथे निळी खूण केली. ती जागा भरावापासून वीस पावलांवर आहे.

आप्पा काही वेळाने म्हणाले, "बाग लावायचं शिक्षण नाही हे."

तुमच्या गावातही असा एखादा झिरा कुणा म्हाताऱ्याच्या आठवणीत असेल. तो कागदावर आणून ठेवा. माणूस गेला की ती जागा सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात भेटूच. कळावे, लोभ असावा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, चितेगाव