नातीची शिनाई आणि माझी लेझीम

गेल्या महिन्यात नातीचा जपानहून, सेंदाईहून फोन आला. "आजी, मी युनिव्हर्सिटीच्या केंडो क्लबात नाव घातलंय." बांबूची तलवार आणि आरडाओरडा! ही शिकायला गेलीये की मारामारीला, असंच आधी मनात आलं. तिच्या बाबांनी तर "अभ्यासाचं काय?" म्हणून उलटतपासणीच घेतली.

तिला तेविसावं लागलंय. बाकीची मुलं शाळेपासून खेळत आलेली. त्यांच्या अंगावर चिलखत, तोंडावर जाळीचं शिरस्त्राण. हिला मात्र सध्या नुसते पाय. अनवाणी उभं राहायचं, उजवा पाय पुढे, डावी टाच किंचित वर, आणि पाऊल न उचलता जमिनीवरून घसरत जायचं. मग चार बांबूपट्ट्यांची ती शिनाई डोक्यावरून खाली, पुन्हा पुन्हा, मोठ्याने ओरडत. ही मुलगी पाहुण्यांपुढे तोंड उघडत नसे हो! पहिल्या दिवशी आवाजच फुटला नाही म्हणे.

नियम ऐकून मी चाटच पडले. तलवार नुसती लागली म्हणून गुण मिळत नाही. आवाज, शस्त्र आणि शरीर एकदम पोचायला हवं, आणि मारल्यावरही सावध राहायला हवं. जल्लोष केला तर मिळालेला गुण रद्द होऊ शकतो. (आपल्या क्रिकेटवाल्यांना सांगून बघा!) आठव्या दानच्या परीक्षेला तर वय किमान ४६ लागतं. म्हणजे आमची नात अजून निम्म्यावर.

पण मला मोठं वाटलं ते हे की, जिला काहीच येत नाही तिला त्यांनी घेतलं. वरच्या वर्गातला एक मुलगा आपला सराव सोडून रोज हिचे पाय बघतो.

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या लेझीमसाठी मुली मीच निवडायचे. पहिल्या दिवशी पाऊल चुकलं की, "तू मागे बस." कितीतरी वर्षं! वेळ नसायचा, हे खरंच. पण मागे बसलेल्यांना नंतर कधी शिकवलं का, हे आठवायला गेले तर एकही मुलगी आठवत नाही.

म्हणून लेकाला सांगितलं, तिला अडवू नकोस, दोन गुण कमी पडले तर पडू देत. तो चिडलाय माझ्यावर. असो.

काल तिने व्हिडिओ पाठवला. पाय अजून अडखळतात. आवाज मात्र असा, की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून विचारायला आल्या.