‘मूर्ती’ की ‘मुर्ती’? मराठी टायपिंगमधली चूक नेमकी कुठे नडते

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून कमेंटमध्ये एक वाक्य जास्तच दिसतं: “आधी शुद्ध लिहायला शिक!” मुद्दा राहतो बाजूला, वाद वेलांटीवर येतो. मग शुद्धलेखन ही फक्त टोमणा मारायची गोष्ट आहे का? नाही. त्याला एक तांत्रिक बाजूही आहे.

मशीनला काय दिसतं?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर जिते, पुढे हमरापूर, मग पेण. या पट्ट्यातल्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती राज्यभर आणि परदेशातही जातात. समजा, एखाद्या कारखान्याने ऑर्डरची एक्सेल शीट केली. अर्ध्या नोंदी ‘मूर्ती’, अर्ध्या ‘मुर्ती’. आपल्याला शब्द एकच वाटतो. पण युनिकोडमध्ये ‘ु’चा क्रमांक ०९४१ आणि ‘ू’चा ०९४२. म्हणजे मशीनसाठी शब्दच वेगळे. ‘मूर्ती’ सर्च केलं की अर्ध्या ऑर्डरी गायब! गूगल बऱ्याचदा अंदाज बांधून दोन्ही दाखवतं, साधी शीट दाखवत नाही.

गंमत म्हणजे, नियमाने सुटा शब्द ‘मूर्ती’, पण जोडशब्द ‘मूर्तिकार’. इथे ‘ति’ ऱ्हस्व.

काही फरक तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे, ते २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहायचे, आजही लिहितात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसू शकतात, आत कोड वेगळे.

आणि कधी अर्थच बदलतो. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. हा ‘ऱ्य’ हवा असेल तर साधा ‘र’ चालत नाही, खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो.

चुका इतक्या का होतात?

आपले लेखननियम १९६२ चे. तेव्हा सरकारने १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. त्या काळी लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये छापखान्यातला मुद्रितशोधक बसलेला असायचा. आज आपण लिहितो आणि थेट सेंड करतो. त्यात अनेक जण इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी मिळवतात. तिथे उकार पहिला की दुसरा, हे कीबोर्ड अंदाजाने ठरवतो. आपण न बघता पहिलं सजेशन निवडतो आणि कीबोर्ड तेच लक्षात ठेवतो.

पण बोली म्हणजे चूक नाही

इथे गल्लत होते. रायगडातला आगरी मुलगा ‘पानी’ किंवा ‘सगला’ लिहितो, तेव्हा तो ‘पाणी’ आणि ‘सगळा’ चुकवत नसतो. त्याच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, तो ऐकू येतं तसं लिहितोय. त्याला चारचौघांत हसलात तर तो शुद्ध लिहायला लागेल असं नाही, तो मराठीत लिहिणंच बंद करेल. आज भाषेची ॲप्स आणि एआय मॉडेल्स ऑनलाइन मजकुरावर शिकतात. ज्याने लिहिणं सोडलं, त्याची बोली त्यांना शिकायला मिळणारच नाही.

म्हणून साधा हिशोब ठेवा. गप्पा, रील, कमेंट: तुमच्या बोलीत बिनधास्त लिहा. दुकानाचं नाव, कॅटलॉग, फॉर्म, बातमी: प्रमाण लेखन वापरा, कारण तिथे शब्द सापडायला हवा. सजेशन निवडताना एक सेकंद वेलांटी-उकार बघा. दुसऱ्याची चूक दिसलीच, तर आधी मुद्द्याला उत्तर द्या आणि वेलांटीचं त्याला पर्सनल मेसेजमध्ये सांगा.