बटणांचा फोन घेतला, पण ग्रुपचं काय?

परीक्षा जवळ आली की आमच्या कट्ट्यावर एक प्लॅन हमखास निघतो: ‘स्मार्टफोन कपाटात, बटणांचा फोन खिशात. रील्स बंद, अभ्यास चालू!’ यंदा म्हटलं, बोलण्यापेक्षा करूनच बघू. आठवडाभर घरातला साधा फोन वापरला.

आधी फायदे. चार्जिंगची आठवण तिसऱ्या दिवशी आली. फोन मुठीत मावतो, पडला तरी काच फुटायची धास्ती नाही. रात्री बघण्यासारखं काही नसल्यानं झोपही वेळेवर. २०१९ चा महापूर आठवतोय ना? अनेक भागांत वीज नव्हती, तेव्हा दोन-तीन दिवस बॅटरी टिकणं म्हणजे काय असतं, हे पूरपट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता तोटे. मंगळवारी लेक्चरला गेले तर वर्ग रिकामा. वेळ बदलल्याचा मेसेज फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर! असाइनमेंटची पीडीएफही तिथंच. मिसळ खाल्ली, समोर क्यूआर कोड, पण स्कॅन कशानं करणार? साध्या फोनवरून पैसे जातच नाहीत असं नाही. *९९# डायल करून जातात. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये खास अशा फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ही आणलं. पण मागं रांग लागलेली असताना दुकानदाराचा नंबर विचारून बटणं दाबत बसायचं, म्हणजे संयमाची परीक्षाच. शेवटी मैत्रिणीनं पैसे भरले.

आणि हो, फोन घेण्याआधी नेटवर्क बघा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुन्या टूजी हँडसेटमध्ये ते सिम चालत नाही. फोरजी चालणारे बटणांचे फोनही मिळतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘जिओ भारत’ची किंमत ९९९ रुपये होती.

पण आठवड्यानंतर डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. मी साधा फोन वापरत होते तो मैत्रिणीच्या स्मार्टफोनच्या जिवावर. माझ्यासाठी हा चॉइस होता. ज्याच्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्याच्यासाठी हा नाइलाज आहे. त्याचं लेक्चर दर आठवड्याला हुकत असेल, आणि आपण त्याला ‘ग्रुप बघत जा की लेका’ म्हणून मोकळे होतो.

म्हणजे प्रश्न एकट्याच्या मनाच्या निग्रहाचा नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं हे ओळखलं. तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद ठेवले जातात. ऑनलाइन शाळेच्या काळात मुलांना लागलेली मोबाइलची सवय मोडायला गावानं हा मार्ग काढला. सगळ्यांनीच फोन बाजूला ठेवला की कुणाचं काही चुकत नाही, म्हणून ते जमतं.

कॉलेजात भोंगा नको. नोटीस बोर्डावर एक कागद आणि एक साधा एसएमएस, एवढं केलं तरी पुरे. मग बटणांचा फोन हौसेनं घेतलेला असो की नाइलाजानं, लेक्चर कुणाचंच बुडणार नाही.