'फुकट पोसलेली' मुले आणि सत्तर वर्षांचा हिशेब

१/ “सरकारी मदतीने माणसे आळशी होतात, इतिहास साक्षी आहे.” अर्थसंकल्पाच्या दिवसांत हे वाक्य हमखास समोर येते. आळसाविषयी मतभेद असू द्यात. इतिहासाला साक्षीला बोलावले आहे, तर त्याची साक्ष पुरती ऐकावी लागेल. ती अमेरिकेतील जुन्या कचेऱ्यांच्या दप्तरांत नोंदलेली आहे.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे पती वारलेल्या गरीब स्त्रीपुढे पुष्कळदा एकच वाट उरे : मुलांना अनाथालयात ठेवणे. अनाथालयांतील अनेक 'अनाथांची' आई हयात असे. केवळ दारिद्र्यापायी मूल घरापासून तोडू नये, अशी भूमिका १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या परिषदेने घेतली. १९११ मध्ये इलिनॉय राज्याने 'मदर्स पेन्शन'चा कायदा केला. दहा वर्षांच्या आत बहुतेक राज्ये त्याच मार्गाने गेली.

३/ विरोधकांत मेरी रिचमंड आणि एडवर्ड डिव्हाइन होते. ही माणसे निर्दय नव्हती; समाजकार्याच्या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. सरकारी पैशाने स्वावलंबन खचेल, गरजू कोण हे खासगी धर्मादाय संस्थाच नीट पारखू शकतात, असा त्या गोटाचा सूर होता. शंभर वर्षांनंतर आपण तोच सूर आळवतो आणि त्याला नवा विचार समजतो!

४/ आता दप्तर उघडू. अर्ज आला की कारकून आईचे व मुलांचे नाव, वय आणि निर्णय लिहून ठेवी : मंजूर किंवा नामंजूर. अ‍ॅना आयझर, शारी एली, जोसेफ फेरी आणि अ‍ॅड्रियाना येरास-म्युनी या अर्थशास्त्रज्ञांनी ११ राज्यांतील अशा नोंदींतून सुमारे १६,००० मुलग्यांची नावे काढली. ती जनगणना, दुसऱ्या महायुद्धातील सैन्यभरती आणि मृत्यूच्या नोंदी यांच्याशी जुळवली. मुलींचा माग काढता आला नाही, कारण विवाहानंतर त्यांचे आडनाव बदले. (दप्तरातून स्त्री कशी नाहीशी होते, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागेल.)

५/ २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत मोठी नव्हती : कुटुंबाच्या उत्पन्नाच्या साधारण १२ ते २५ टक्के, आणि तीही सामान्यतः तीनेक वर्षेच. तरी ज्यांच्या आईचा अर्ज मंजूर झाला ते मुलगे, नामंजूर झालेल्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे एक वर्ष अधिक जगले. ते थोडे अधिक शिकले, भरतीच्या वेळी कमी वजनाचे निघण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते आणि तरुणपणी त्यांची कमाईही जास्त होती. बालपणी तीन वर्षे मिळालेल्या थोड्याशा पैशाचा परिणाम वार्धक्यापर्यंत टिकला.

६/ “मंजूर झालेली कुटुंबे मुळातच बरी असतील” हा आक्षेप रास्त आहे. पण दप्तर उलटे सांगते. नामंजुरीचे एक नेहमीचे कारण होते : 'अर्जदाराकडे पुरेसे साधन आहे'. म्हणजे नाकारलेली कुटुंबे उलट किंचित सुस्थितीत होती. तुलनेत चूक असलीच, तर ती मदतीचा लाभ कमी दाखवणारी आहे.

७/ या योजनेची आरती करण्याचे मात्र कारण नाही. आई 'सुयोग्य' आहे का, घर स्वच्छ आहे का, हे निरीक्षक ठरवीत; आणि कृष्णवर्णीय मातांना या पैशाचा वाटा नाममात्र मिळाला. लाभ सिद्ध होतो म्हटल्यावर हा अन्याय अधिकच गंभीर ठरतो : नाकारले गेले ते मुलांच्या आयुष्याचे वर्ष होते.

८/ एका योजनेवरून बोलू नये म्हणाल, तर फूड स्टॅम्प पाहा. १९६१ पासून प्रायोगिक, १९६४ मध्ये कायदा, आणि १९७५ पर्यंत एकेका कौंटीत टप्प्याटप्प्याने विस्तार. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाला बालपणी शिधा मिळाला, शेजारच्या कौंटीतल्या दुसऱ्याला नाही. हिलरी हॉइन्स, डायेन शॅन्झेनबाक आणि डग्लस आमंड यांना बालपणी मदत मिळालेल्यांत प्रौढपणी स्थूलता, उच्च रक्तदाब, मधुमेह यांचा एकत्रित भार कमी आढळला. स्त्रियांच्या बाबतीत आर्थिक स्वावलंबनही वाढलेले दिसले. होय, तेच स्वावलंबन, जे खचणार होते.

९/ अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील, असा माझा दावा नाही. पण १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती आणि त्यांची मुले त्याच मजुरीवर जगली. ती मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. 'रेवडी' हा शब्द टंकण्याआधी त्या कामांचे हजेरीपट आपल्या तालुक्याच्या कचेरीत मागून पाहा. ते रद्दीत गेले, तर मंजूर-नामंजूर ठरवायला फक्त आपली मते उरतील.