वाघ, वाघनखं आणि कपाटापर्यंतचा रस्ता

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीच्या दोन वस्तू अशा आहेत, की त्यांचं नाव निघालं तरी आपल्याकडे स्टाफरूममध्ये आवाज खाली येतो. एक टिपू सुलतानचा लाकडी वाघ. दुसरी, शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं.

टिपूचं नाव आलं की उर्दू माध्यमाची मुलं छाती काढतात. अफजलखानाचा धडा आला की तीच मुलं वहीत बघतात. मराठी शाळेतल्या एकट्यादुकट्या मुस्लिम मुलाकडे तर त्या दिवशी अख्खा वर्ग वळून पाहतो. म्हणून बरेच शिक्षक धडा भरभर वाचून उरकतात. माझ्या मते उरकू नये. फक्त सुरुवात लढाईपासून न करता, ती वस्तू लंडनच्या कपाटात पोचली कशी, इथून करावी.

वाघाचंच बघा. गोऱ्या शिपायाच्या छातीवर चढलेला, मूठ फिरवली की गुरगुरणारा. 4 मे 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, शहर लुटलं गेलं. मग त्या लुटीच्या वाटणीसाठी रीतसर समिती बसली! हुद्द्याप्रमाणे हिस्से. टिपूचं सोन्याने मढवलेलं सिंहासन त्यासाठी तोडलं. त्याचं एक वाघमुख आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. (इंग्रजीतला 'लूट' हा शब्दही आपल्याकडूनच गेलेला आहे.) आणि या लढाईत निजामाची फौज कंपनीच्या बाजूने होती, त्याआधीच्या युद्धात मराठेही होते. एवढं सांगितलं की 'आपले' आणि 'त्यांचे' ही मुलांच्या डोक्यातली वाटणी विस्कटते.

वाघनखांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. ती मिळाली जेम्स ग्रँट डफला, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या सातारच्या रेसिडेंटला. पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली, असं पेटीवर लिहिलं आहे. 1818 ला राज्य गेल्यावर रेसिडेंटच्या हाती ठेवलेली भेट कितपत खुशीची असेल, हे आठवीच्या वर्गाला विचारून बघावं. त्याच पेटीवर महाराजांनी मारलेला सरदार मुघल असल्याचं लिहिलंय. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा, हे चौथीतलं पोर सांगेल. आणि ही तीच वाघनखं आहेत याची खात्री देता येत नाही, असं खुद्द म्युझियम सांगतं. जुलै 2024 मध्ये ती तीन वर्षांसाठी उसनी म्हणून साताऱ्यात आली, तेव्हाच्या चर्चेत मला अफजलखान भरपूर भेटला, ग्रँट डफ फार थोडा. टिपूला रिक्षाच्या काचेवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर मिरवणारी आपली पोरंही तेच करतात. त्यांना तलवार ठाऊक असते, वाटणीची समिती नसते.

माझ्या वर्गात एका मुलीने मात्र अडचणीचा प्रश्न विचारला. "सर, माल-ए-गनीमत तर सगळेच घ्यायचे ना? मग इंग्रजांनाच का बोलायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो दाबू नये. लूट सगळ्या फौजांनी केली, आपल्याही. पण कंपनीने तो वाघ 1808 पासून लंडनमधल्या आपल्या कचेरीत लोकांना बघायला ठेवला. बघा, हा टिपू किती क्रूर होता. बरं झालं, आम्ही तिथे राज्य करतोय. म्हणजे माल तर नेलाच, वर ज्याचा नेला त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केला. साम्राज्य म्हणजे काय, हे मुलांना यापेक्षा सोपं करून मला तरी सांगता येत नाही.

नंतर मुलांना वाघाचा फोटो दाखवून, त्याच्याखाली लावायची पाटी उर्दूत आणि मराठीत लिहायला सांगितली. पुस्तकातली वाक्यं उतरवणारे बरेच निघाले. त्याच मुलीने दोन्ही भाषांत तीनच ओळी लिहिल्या: "हा वाघ टिपू सुलतानचा. 1799 मध्ये त्याला मारून नेला. विकत घेतलेला नाही."